ऐंशी टक्के सूट, शंभर टक्के घाई

सेल लागला की शहाणी माणसंसुद्धा आकडा वाचतात, नाव वाचत नाहीत. उणे ७५, उणे ८०, उणे ९०. हिरव्या चौकटीतला तो आकडा दिसला की बोट कार्टकडे जातं आणि तीस वर्षांपूर्वीचे आठ-दहा अ‍ॅडव्हेंचर गेम्स एका झटक्यात लायब्ररीत जमा होतात. पुढच्या सेलपर्यंत त्यांतला एखादा उघडला जातो आणि अर्ध्यावर सुटतो. बाकीचे तसेच पडून राहतात.

जुन्या अ‍ॅडव्हेंचर गेमवरची सूट ही बातमीच नव्हे. स्टीम या ऑनलाइन दुकानात वर्षाला चार मोठे हंगामी सेल लागतात, शिवाय मधूनमधून एकेका प्रकाशकाचे वेगळे. गॉग या दुसऱ्या दुकानातही तेच. १९९३ साली आलेला गेम या आठवड्यात हुकला, तर काही महिन्यांनी जवळपास त्याच भावात पुन्हा समोर येतो. पडद्यावर उलटं धावणारं घड्याळ दुकानाच्या सोयीचं आहे. आपण बघायचं ते एवढंच, की हा गेम ज्याने बनवला त्याला खेळणाऱ्याच्या वेळेची किंमत होती का? काहींना होती. काहींना नव्हती, आणि त्यांची नावं मोठी आहेत म्हणून ते झाकून ठेवायचं कारण नाही.

सर्वात मोठ्या नावापासूनच सुरुवात करू. किंग्ज क्वेस्ट. सिएरा कंपनीची ही मालिका १९८४ साली सुरू झाली. रॉबर्टा विल्यम्स यांनी चालत्याफिरत्या माणसाचा, चित्रांतून पुढे सरकणारा गेम घराघरांत नेला. त्यांचा मान त्यांना दिलाच पाहिजे. पण १९९० सालचा पाचवा भाग विकत घेण्याआधी त्यात काय वाढून ठेवलंय ते ऐका.

राजा ग्रॅहॅम गावात फिरत असतो. एका ठिकाणी मांजर उंदराचा पाठलाग करताना दिसते. प्रसंग काही सेकंदांचा. त्या काही सेकंदांत खिशातली वस्तू उघडून जुना बूट मांजरीवर फेकायचा. फेकला तर उंदीर वाचतो. नाही फेकला तर गेम काहीच बोलत नाही, तुम्ही पुढे जाता. बऱ्याच वेळाने ग्रॅहॅमला एका खानावळीच्या तळघरात दोरीने बांधून टाकतात, आणि ती दोरी कुरतडायला तोच उंदीर यावा लागतो. तो मेलेला असेल तर तुमचा गेम तिथे संपला. तुम्ही हरलात हे तासाभरापूर्वीच ठरलं होतं, फक्त तुम्हाला सांगितलं नव्हतं.

आणखी एक. डोंगरात ग्रॅहॅमला भूक लागते. जवळ पाई आहे. भुकेल्या माणसाने पाई खाल्ली तर त्यात वावगं काय? पण खाल्ली की संपलं, कारण ती पाई पुढे हिममानवाच्या तोंडावर मारायची असते. खायचा होता तो मटणाचा तुकडा, तोही अर्धाच. उरलेला अर्धा गरुडासाठी.

याला अवघड कोडं म्हणत नाहीत. अवघड कोड्यात उत्तर सापडल्यावर माणूस कपाळावर हात मारतो आणि म्हणतो, अरे, हे तर समोरच होतं! इथे उत्तर समोर नव्हतं. इथे खेळणाऱ्याला अंधारात चालवत नेऊन विहिरीत ढकललं आहे. ९० टक्के सूट असली तरी हा सौदा महाग आहे, कारण पैसे शंभर-दोनशे रुपये जातात आणि संध्याकाळी जातात दहा.

हे सगळं त्या काळीच एका माणसाच्या डोक्यात गेलं होतं. रॉन गिल्बर्ट. लुकासफिल्म गेम्समध्ये काम करणाऱ्या या माणसाने १९८९ साली एक लेख लिहिला आणि अ‍ॅडव्हेंचर गेम्सचं नेमकं कुठे चुकतं ते मुद्देसूद मांडलं. खेळणाऱ्याला मरून शिकायला लावू नका. मागे राहिलेल्या वस्तूवरून त्याला पुढे अडकवू नका. कोडं कशासाठी सोडवायचं ते त्याला आधी कळू द्या. लिहून तो थांबला नाही. १९९० साली त्याने द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड काढला. या गेममध्ये नायक गायब्रश थ्रीपवुड मरू शकतो अशी जागा शोधायला लागते. त्याला दहा मिनिटं श्वास रोखता येतो, असं तो स्वतःच सांगत फिरतो. पुढे त्याला पाण्याखाली बुडवतात आणि तुम्ही खरोखर दहा मिनिटं काहीच न करता बसलात तर मात्र तो जातो. एवढी सवलत दिल्यावरही कुणी तक्रार केली तर ती ऐकायची गरज नाही.

मंकी आयलंडमधली तलवारबाजी तर मराठी माणसाला ओळखीची वाटावी. तिथे हाताच्या चपळाईचं काम नाही. समोरचा चाचा टोमणा मारतो, तुम्ही त्याला चपखल उत्तर द्यायचं. उत्तर बसलं तर तुमचं पाऊल पुढे, नाही बसलं तर मागे. रस्त्यावरच्या फुटकळ चाच्यांशी भांडून टोमणे आणि उत्तरं गोळा करायची आणि मग तलवारबाजीत नंबर एक असलेल्या बाईसमोर उभं राहायचं. ती वेगळेच टोमणे मारते आणि तुमच्याकडची जुनी उत्तरं नव्या टोमण्यांना लावून बघावी लागतात. तमाशातला सवाल-जवाबच हा. ज्यांनी ढोलकीच्या ठेक्यावर एकीने सवाल टाकलेला आणि दुसरीने तो परतवलेला ऐकलाय, त्यांना या कोड्याचं मोल निराळं सांगावं लागणार नाही.

घेताना २००९ सालची स्पेशल एडिशन घ्या. त्यात एका बटणावर नवी चित्रं जाऊन १९९० सालची जुनी चित्रं येतात. मला जुनीच आवडतात. नव्या चित्रांत गायब्रशचे केस बघवत नाहीत.

पण लुकासफिल्मचा एकच गेम घ्यायचा असेल तर मी मंकी आयलंड घेणार नाही. मी डे ऑफ द टेंटॅकल घेईन. १९९३ साल, टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन यांचं काम. तीन मित्र तीन काळांत अडकलेत: एक आजच्या काळात, एक दोनशे वर्षं मागे, एक दोनशे वर्षं पुढे. घर एकच. एकमेकांना लहानसहान वस्तू ते संडासाच्या भांड्यातून पाठवतात. आता कोडं बघा. भूतकाळातल्या हॉगीला बॅटरी बनवायला व्हिनेगर पाहिजे. त्याच्याकडे आहे वाइनची बाटली. त्याच घरात थोर मंडळी पुढच्या पिढ्यांसाठी काळकुपी भरतायत. हॉगी बाटली काळकुपीत टाकतो. चारशे वर्षांनी भविष्यातली लव्हर्न ती कुपी डबा फोडायच्या ओपनरने उघडते. वाइनचं व्हिनेगर झालेलं असतं. ते ती हॉगीला परत पाठवते.

किंवा हे. भविष्यात लव्हर्न झाडाला लटकून अडकली आहे. हॉगी भूतकाळात त्याच झाडाची फळं लाल रंगवतो, जॉर्ज वॉशिंग्टनला ते चेरीचं झाड वाटतं आणि तो कुऱ्हाड घेऊन ते तोडतो. चारशे वर्षं पुढे झाड नाहीसं होतं आणि लव्हर्न धपकन खाली पडते. वॉशिंग्टन आणि चेरीच्या झाडाची गोष्ट शाळेत ऐकलेल्या प्रत्येकाला हे सुचू शकतं, आणि सुचल्यावर जो आनंद होतो त्यासाठीच हा प्रकार जन्माला आला. इथे चुकीच्या क्लिकची शिक्षा नाही. काही कायमचं हरवत नाही. शिवाय याच गेममध्ये एका कॉम्प्युटरवर जाऊन बसलात तर १९८७ सालचा मॅनिएक मॅन्शन अख्खाच्या अख्खा खेळायला मिळतो. डे ऑफ द टेंटॅकल त्याचाच पुढचा भाग. २०१६ सालची रीमास्टर आवृत्ती नीट केलेली आहे, जुनी चित्रं एका कळीवर परत येतात आणि बनवणाऱ्यांच्या तोंडून त्याची जन्मकथाही ऐकता येते.

इंडियाना जोन्स अँड द फेट ऑफ अटलांटिस, १९९२. चित्रपटाचा नावलौकिक वापरून बनवलेले गेम्स बहुतेक टाकाऊ असतात. हा नाही. हॅल बारवुड आणि नोआ फॉल्स्टीन यांनी गोष्ट नवी लिहिली. १९३९ साल, नाझी आणि इंडी दोघंही अटलांटिसच्या मागे, वाट दाखवायला प्लेटोचा एक हरवलेला संवाद. त्या संवादात प्लेटोने आकड्यांत दहापटीची चूक केली आहे, आणि ती ओळखणं हेच कथेतलं एक कोडं. मधल्या टप्प्यावर तीन वाटा फुटतात: सहकारी सोफियाला बरोबर घेऊन जा, डोकं चालवून एकट्याने जा, किंवा मुठी आवळून जा. तिन्ही वाटांवरची कोडी वेगवेगळी. एका गेमच्या पैशांत तीन नाही म्हणत, पण पावणेदोन तरी आहेत. घ्या.

ग्रिम फँडँगो, १९९८, पुन्हा टिम शेफर. मेक्सिकोच्या मृतांच्या दिवसावर उभी केलेली, सांगाड्यांच्या जगातली चार वर्षांची कथा. संवाद सर्वांत चांगले, कोडी तितकी नाहीत. गोष्टीसाठी घ्या, अडलात तर लाज न बाळगता मदत घ्या. २०१५ सालच्या रीमास्टरमध्ये माउसने चालवता येतो. मूळ आवृत्तीत नायक मॅनीला भिंतींवर आपटत न्यावं लागायचं.

सिएराला एकदम झटकून टाकावं असं मी म्हणत नाही. किंग्ज क्वेस्टचा सहावा भाग, १९९२ सालचा, घरात असावा असा आहे. रॉबर्टा विल्यम्स यांच्या जोडीला त्यात जेन जेन्सन आल्या आणि लिखाणाचा दर्जा एकदम वर गेला. गॉगवर हा भाग चौथ्या आणि पाचव्याबरोबर एकाच गठ्ठ्यात मिळतो. गठ्ठा सहाव्यासाठी घ्यायचा, बाकीच्या दोघांना हात लावायचा नाही. एक लक्षात ठेवा. या गेममध्ये तर्काचे कडे चढताना मूळ खोक्यातली छापील पुस्तिका लागते. तिच्याशिवाय वर जाता येत नाही. डाउनलोडबरोबर पुस्तिकेची पीडीएफ मिळते ती आधी उतरवून ठेवा.

जेन जेन्सन यांचा स्वतःचा गेब्रिएल नाइट: सिन्स ऑफ द फादर्स १९९३ साली आला. न्यू ऑर्लीन्स शहर, वूडूच्या खुणा असलेले खून, जुन्या पुस्तकांचं दुकान चालवणारा आणि फारसं काही न खपवणारा एक लेखक. टिम करी आणि मार्क हॅमिल यांचे आवाज. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा ज्यांनी रात्री जागून संपवल्या, त्यांनी हा गेम घ्यावा असं मी मनापासून सांगेन. इथे तपास खराखुरा आहे: माणसांना तेच प्रश्न पुन्हा विचारावे लागतात, थडग्यावर लिहिलेली सांकेतिक चिन्हं कागदावर उतरवून लावावी लागतात, लायब्ररीत जाऊन वाचावं लागतं. दोन आवृत्त्या आहेत. मूळ आणि २०१४ सालची नव्याने केलेली. मूळ घ्या.

आणि याच बाईंचा १९९९ सालचा तिसरा भाग टाळा. त्यात मोटरसायकल भाड्याने घ्यायला नायकाला दुसऱ्या माणसाचं सोंग घ्यावं लागतं. त्यासाठी खोपटाच्या भोकावर चिकटपट्टी लावायची, मांजरीवर पाणी फवारून तिला त्या भोकातून पळवायचं, पट्टीवर चिकटलेले केस घ्यायचे, मेपलच्या पाकाने ते ओठांवर चिकटवून मिशी करायची. आणि ज्याचं सोंग घ्यायचं त्याला मिशीच नाही, म्हणून त्याच्या पासपोर्टवरच्या फोटोला पेनाने मिशी काढायची. ज्या लेखिकेने न्यू ऑर्लीन्सचा तो तपास रचला, तिच्या नावावर हे खपवलं गेलं याचं मला वाईट वाटतं. लेखकाचं नाव बघून घ्या हे खरं, पण नाव बघितल्यावर गेमही बघा.

क्वेस्ट फॉर ग्लोरीचे पाचही भाग एकत्र मिळतात. योद्धा, जादूगार किंवा चोर व्हायचं आणि पहिल्या भागात कमावलेला नायक पाचव्यापर्यंत न्यायचा. वेळ असेल तर त्या पैशांत याहून जास्त गेम मिळणार नाही. स्पेस क्वेस्ट: विनोद चांगला, मरणं फार. पोलीस क्वेस्ट: गाडीत बसण्याआधी तिच्याभोवती फेरी मारून टायर तपासले नाहीत तर गेम संपतो. वाहतूक पोलिसांच्या प्रशिक्षणासाठी उत्तम.

मिस्ट आणि रिव्हनकडे वळू. मिस्ट १९९३ साली रँड आणि रॉबिन मिलर या भावांनी काढला आणि २००२ साली द सिम्सने मागे टाकेपर्यंत पीसीवरचा सर्वाधिक खपाचा गेम तोच होता. एवढा खपला म्हणून चांगला असं कुणी म्हणेल तर मी मान्य करणार नाही. मिस्टमधली काही यंत्रं नुसतीच यंत्रं आहेत. पण १९९७ सालचा रिव्हन हा वेगळ्या उंचीवरचा आहे. एक जागा सांगतो. बेटावर एक ओसाड शाळा आहे. वर्गात एक लाकडी खेळणं टांगलंय: दोन माणसांच्या बाहुल्या दोरीला लटकताहेत, खाली एक अक्राळविक्राळ मासा तोंड उघडून बसलाय. कळ फिरवली की एक अनोळखी चिन्ह दिसतं आणि बाहुली काही टप्पे खाली जाते. टप्पे मोजायचे. चिन्ह वहीत उतरवायचं. पुन्हा कळ, पुन्हा मोजणी. थोड्या वेळाने तुमच्या लक्षात येतं की तुम्ही या लोकांचे अंक शिकलात, आणि त्याहून थोड्या वेळाने लक्षात येतं की इथली मुलं अंक शिकली ती माणसं माशाला खायला घालायचा खेळ खेळून. कोडंही सुटलं आणि इथला राज्यकर्ता कसा आहे तेही कळलं, एक शब्द न बोलता. पुढे तेच अंक, २५ वर आधारलेले, दार उघडायला लागतात.

२०२४ साली रिव्हन नव्याने केला गेला, त्यात कोडी बदलली आहेत. पहिल्यांदा खेळणाऱ्याने मूळ घ्यावा. वही आणि पेन्सिल मात्र हवीच. मोबाइलवर फोटो काढून भागत नाही, हाताने उतरवल्याशिवाय ती चिन्हं डोक्यात बसत नाहीत.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला त्या गेमकडे येतो.

जॉर्डन मेकनर हे नाव तुमच्या ओळखीचं नसेल, पण त्याचं काम आहे. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या कॉम्प्युटर क्लासेसमध्ये सर बाहेर गेले की जो पांढऱ्या कपड्यातला तरुण खंदकावरून उड्या मारायचा, तो प्रिन्स ऑफ पर्शिया मेकनरचा, १९८९ सालचा. त्यानंतर त्याने काही वर्षं घालवून १९९७ साली द लास्ट एक्सप्रेस आणला. खपला नाही. ऐन प्रकाशनाच्या तोंडावर प्रकाशक कंपनीची मार्केटिंगची माणसं नोकरी सोडून गेली आणि गेमची जाहिरातच धड झाली नाही. दोष गेमचा नव्हता.

२४ जुलै १९१४. ऑस्ट्रियाने सर्बियाला निर्वाणीचा खलिता देऊन एक दिवस झालाय. पॅरिसहून ओरिएंट एक्सप्रेस कॉन्स्टँटिनोपलकडे निघते. रॉबर्ट कॅथ हा अमेरिकन डॉक्टर धावती गाडी गाठतो, मित्राच्या कंपार्टमेंटमध्ये शिरतो आणि मित्र मरून पडलेला बघतो. गाडीत शस्त्रांचा जर्मन व्यापारी आहे, सर्बियन क्रांतिकारक आहेत, म्हातारा रशियन उमराव आणि त्याची नात आहे, ऑस्ट्रियन व्हायोलिनवादक आहे. घड्याळ खऱ्या वेळेच्या सहापट वेगाने चालू असतं आणि कुणासाठी थांबत नाही. तुम्ही आपल्या डब्यात बसून राहिलात तरी बाकीची माणसं जेवायला जातात, भांडतात, कुजबुजतात, झोपतात. दाराला कान लावून ऐकावं लागतं. संभाषण फ्रेंचमध्ये, जर्मनमध्ये, रशियनमध्ये, सर्बियनमध्ये चालतं आणि कॅथला येणाऱ्या भाषांचाच अर्थ पडद्यावर उमटतो. एका ठिकाणी ऐकत बसलात तर दुसऱ्या ठिकाणचं हुकतं.

यातला एक प्रसंग मी कुणालाही दाखवायला तयार असतो. एका खासगी डब्यात मैफल आहे. व्हायोलिन आणि पियानो. सगळे महत्त्वाचे प्रवासी खुर्च्यांवर बसून ऐकताहेत. संगीत खरोखर वाजतं, तुकडा कापलेला नाही. तुम्ही बसून ऐकू शकता. किंवा उठून हळूच बाहेर पडू शकता, कारण या वेळी त्यांच्या खोल्या रिकाम्या आहेत आणि सामान उघडं पडलंय. मैफल संपायच्या आत परत यायचं. कुणी सूचना देत नाही, कुणी बाण दाखवत नाही. तुम्हाला ते सुचावं लागतं, आणि सुचतं, कारण इतका वेळ तुम्ही या माणसांमध्ये राहिला आहात.

चुकलात, मेलात, उशीर झाला, तर घड्याळ मागे फिरवायचं. एवढंच. मांजर-उंदराच्या त्या गेमने जे केलं त्याच्या अगदी उलट मेकनरने केलं: वेळ निसटून जाऊ दिली आणि ती परत घ्यायची सोयही दिली. हा गेम पूर्ण भावात मिळाला तरी घ्या.

रीमास्टर या शब्दाबद्दल दोन वाक्यं. ब्लेड रनरचा १९९७ सालचा गेम, वेस्टवुडचा, ज्यात कोण माणूस आणि कोण कृत्रिम माणूस हे दर खेळी बदलतं, त्याची २०२२ साली सुधारित आवृत्ती आली आणि मूळ आवृत्ती दुकानातून काढून घेतली गेली. नवी चित्रं मूळ चित्रांपेक्षा वाईट निघाली, खेळणाऱ्यांनी आरडाओरडा केला आणि मूळ आवृत्ती परत द्यावी लागली. आज दोन्ही बरोबर मिळतात. मूळ उतरवा, दुसरी विसरा.

दुकान कोणतं, हा प्रश्न किमतीइतकाच महत्त्वाचा आहे. ऑक्टोबर २०२४ पासून स्टीम कार्टमध्येच स्पष्ट लिहितं की तुम्ही विकत घेताय तो परवाना आहे. हे आधीही खरं होतं, आता लपवत नाहीत इतकंच. गॉग हे दुकान २००८ साली पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने सुरू केलं, तेच मुळी कुलूप नसलेले जुने गेम्स विकायला. तिथून इन्स्टॉलर उतरवून हार्ड डिस्कवर ठेवला की दुकान बंद पडलं तरी गेम तुमच्याकडे राहतो. जुन्या गेमच्या बाबतीत माझी निवड ठरलेली आहे: दोन्हीकडे मिळत असेल तर गॉग, भाव थोडा जास्त असला तरी. परत करायची सोयही तिथे ३० दिवसांची आहे. स्टीमवर १४ दिवस आणि खेळणं दोन तासांच्या आत.

मूळ फाइल्स हातात असण्याचा दुसरा फायदा म्हणजे स्कमव्हीएम. २००१ सालापासून स्वयंसेवकांनी चालवलेला हा फुकट प्रोग्रॅम. लुकासआर्ट्स (आधीची लुकासफिल्म गेम्स) आणि सिएराचे बहुतेक जुने गेम्स, आणि इतर शेकडो, तो आजच्या विंडोजवर, मॅकवर, अँड्रॉइड फोनवरसुद्धा नीट चालवतो. गेमच्या फाइल्स त्याला दाखवायच्या, झालं. या माणसांनी पगार न घेता जे जपलं, ते कित्येक कंपन्यांना आपल्याच मालाच्या बाबतीत जमलं नाही. जमल्यास त्यांना देणगी द्या.

पुस्तिकेचं पुन्हा सांगतो, कारण लॅमिंग्टन रोडवरून फ्लॉपी आणि सीडी आणून खेळणाऱ्या आपल्या पिढीला तिची सवयच नाही. आपल्याकडे गेम यायचा तो नुसता. मंकी आयलंडच्या खोक्यात चाच्यांच्या चेहऱ्यांच्या दोन कागदी चकत्या असायच्या, चेहरा जुळवून साल वाचल्याशिवाय गेम सुरू व्हायचा नाही, हे आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलंही नव्हतं. त्या काळचे लेखक अर्धी गोष्ट पुस्तिकेत लिहीत. ती न वाचता खेळलात आणि काही कळलं नाही, तर खापर गेमवर फोडू नका.

अडल्यावर काय करायचं? सगळी उत्तरं ओळीने लिहिलेला वॉकथ्रू उघडू नका. एकदा उघडला की दर पाच मिनिटांनी उघडला जातो आणि मग खेळण्यात काही उरत नाही. १९८८ पासून चालत आलेली युनिव्हर्सल हिंट सिस्टिम आहे, ती एका वेळी एकच इशारा देते, पुढचा मागितला तरच पुढचा. तेवढी मदत रास्त आहे.

घरात दहा-बारा वर्षांचं मूल असेल तर त्याला शेजारी बसवा. हे गेम्स इंग्रजीत आहेत आणि संवाद भरपूर, त्यामुळे सुरुवातीला वाचून दाखवावं लागेल. पण व्हिनेगरचं कोडं मुलांना मोठ्यांच्या आधी सुटतं, हे मी खात्रीने सांगतो. गेब्रिएल नाइट आणि द लास्ट एक्सप्रेस मात्र मुलं झोपल्यावर. खून आणि रक्त दोन्हींत आहे.

हा प्रकार आपल्याला झेपतो का अशी शंका असेल तर आधी एक पैसाही खर्च करू नका. बिनीथ अ स्टील स्काय, १९९४ सालचा, वॉचमेनची चित्रं काढणाऱ्या डेव्ह गिबन्स यांच्या चित्रांचा गेम, २००३ पासून कायदेशीररीत्या फुकट आहे. फ्लाइट ऑफ द अ‍ॅमेझॉन क्वीनही फुकट. दोन्ही गॉगवर मिळतात, स्कमव्हीएमवर चालतात. त्यातला एक शेवटपर्यंत खेळलात तर पाकीट काढा.

आणि पाकीट काढलंत तर या सेलमध्ये दोनच नावं: डे ऑफ द टेंटॅकल आणि द लास्ट एक्सप्रेस. दोन्ही पूर्ण झाल्याशिवाय तिसरा घेऊ नका.